कंबरदुखी : विश्रांती हवी की हालचाल?

कंबर दुखू लागली की बहुतेक घरांत उपायांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम पलंगावर पडून राहणे, मग कंबरेला पट्टा, त्यानंतर एमआरआय आणि शेवटी ‘शस्त्रक्रिया तर करावी लागणार नाही ना?’ ही धास्ती. दीर्घकाळ टिकणाऱ्या साध्या कंबरदुखीत हा क्रमच उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुसंख्य रुग्णांना पलंग, पट्टा आणि भीती यांपासून दूर नेणे हाच उपचाराचा प्रारंभ होय.

कंबरेच्या भागात पाच मणके, त्यांच्यामधील चकत्या, लहान सांधे, अस्थिबंध आणि स्नायू असतात. वाकणे, वळणे, उचलणे, बसणे या क्रियांनुसार कमीजास्त होणाऱ्या आणि संसर्ग, गाठ वा सांध्यांच्या दाहामुळे न उद्भवलेल्या वेदनेला वैद्यक यांत्रिक कंबरदुखी म्हणते. ती बारा आठवड्यांहून अधिक काळ राहिली तर चिवट, म्हणजे दीर्घकालीन समजली जाते. एवढ्या काळात मूळची लचक बहुधा भरून आलेली असते; मात्र मज्जासंस्था अधिक संवेदनशील झालेली असते आणि न वापरलेले स्नायू दुबळे पडलेले असतात. दुखेल म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून बळ नाही आणि बळ नाही म्हणून जराशा श्रमाने पुन्हा दुखणे, असे हे दुष्टचक्र आहे. विश्रांतीने ते तुटत नाही, उलट अधिक घट्ट होते.

या चक्राला एमआरआयच्या अहवालाची भर पडते. ‘चकती सरकली’, ‘मणक्यांची झीज’ हे शब्द वाचून भल्याभल्यांचे अवसान गळते. परंतु कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे 37 टक्के, पन्नाशीतील 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातील 96 टक्के व्यक्तींच्या चकत्यांत झीज आढळली. केस पांढरे होणे हा जसा आजार नव्हे, तसेच या झिजेचे आहे. चित्रातील प्रत्येक दोष दुखण्याचे कारण नसतो. केवळ चित्राच्या भयाने निवृत्तिवेतनधारकाने मुदत ठेव मोडून शस्त्रक्रियेची तयारी करावी, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केली. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, एवढा या प्रश्नाचा आवाका आहे. रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मानसिक आधार यांवर या तत्त्वांचा भर आहे; पट्टे, कंबरेला वजन लावून ताणणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर त्यांनी नाकारला आहे.

दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी भागात राहणाऱ्या आपल्या मराठी वाचकांना तर यासाठी दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. याच शहराच्या दक्षिणेस जिगणीजवळच्या प्रशांती कुटीरम् येथे स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थेने जुनाट कंबरदुखीच्या 80 रुग्णांवर केलेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवडाभर निवासी योगोपचार, तर दुसऱ्याला त्याच काळात शारीरिक व्यायाम देण्यात आले. कण्याची लवचिकता दोन्ही गटांत सुधारली. योगगटात ती अधिक सुधारली आणि दैनंदिन कामांतील अडचणही अधिक घटली. एका आठवड्याच्या निष्कर्षावरून कायमची हमी देता येत नाही. तथापि दुखऱ्या कंबरेला जाणकाराच्या देखरेखीखाली हलवता येते आणि त्यातून लाभ होतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

योगासने जमत नसतील तर चालणे आहेच. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या 701 व्यक्तींचा ऑस्ट्रेलियातील अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्यांमध्ये दुखणे उलटण्यापूर्वीचा मध्यक काळ 208 दिवसांचा होता, इतरांमध्ये तो 112 दिवसांचा. बनशंकरीचे मेट्रो स्थानक 2017 मध्ये सुरू झाले. जवळपास राहणाऱ्यांनी तेथवर रिक्षाने न जाता पायी जाणे हाही उपचारच ठरेल. प्रारंभ दहा मिनिटांचा असावा आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. किंचित दुखले म्हणजे इजा झाली, असे मानू नये.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र विलंब नको. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. ताप, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग वा क्षयरोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, तसेच तरुण वयात पहाटे जाग आणणारी व हालचालीने सैलावणारी ताठरता असेल, तर तज्ज्ञांना अवश्य दाखवावे. तपासणीचे खरे स्थान येथे आहे.

शाखेतील सहकाऱ्यांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. काउंटरवर तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे कंबरेला मानवत नाही. महागड्या खुर्चीपेक्षा दर अर्ध्या तासाने एकदा उठून उभे राहण्याची मुभा अधिक मोलाची आहे. शाखाप्रमुखांनी ती आपुलकीने द्यावी आणि रांगेतील ग्राहकांनी त्या एका मिनिटाला आळस म्हणू नये.

आवर्ती ठेवीचे मर्म आपणा सर्वांना ठाऊक आहे : रक्कम लहान, पण हप्ता चुकवायचा नाही. कंबरेच्या बळाचेही तसेच आहे. एका दिवशी तासभर घाम गाळून पुढे महिनाभर स्वस्थ बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फळ देतात. हा हप्ता आजपासूनच सुरू करावा, ही सर्व वाचकांना आग्रहाची विनंती.