विश्लेषण : जुना डिजिटल कॅमेरा नव्या संगणकाला का जोडला जात नाही?

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा सापडतो. नवे पेन्सिल सेल घातले की तो सुरूही होतो. छोट्या पडद्यावर बारशाचे, सहलीचे, आता हयात नसलेल्या आजोबांचे फोटो दिसतात. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे म्हणून केबल संगणकाला जोडली, तर संगणक ढिम्म. उपकरण ओळखता आले नाही, एवढाच संदेश येतो. ‘आता हा गेला’ असे म्हणून कॅमेरा भंगारात आणि फोटोही त्याच्याबरोबर. असे करण्याची घाई मात्र करू नये.

अडथळा नेमका कुठे येतो?

तीन ठिकाणी. पहिला जोडणीचा. १९९० च्या दशकातील अनेक कॅमेरे सीरियल पोर्टला जोडले जात. हा पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतो. दुसरा ड्रायव्हरचा. सुरुवातीच्या अनेक यूएसबी कॅमेऱ्यांसाठी सीडीवरून ड्रायव्हर टाकावा लागे. तो ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला असेल, तर आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही. ॲपलनेही २०१९ मधील ‘कॅटालिना’पासून ३२ बिट प्रोग्राम बंद केले. तिसरा अडथळा कार्डाचा. स्मार्टमीडिया, एक्सडी, मेमरी स्टिक असे एकमेकांत न बसणारे प्रकार कंपन्यांनी आणले आणि पुढे त्यातील बहुतेक मागे पडले.

जुना कॅमेरा म्हणजे निकामी कॅमेरा का?

नाही, आणि दोन कॅमेऱ्यांची तुलना केली तर ते लक्षात येते. ॲपलचा ‘क्विकटेक १००’ १९९४ मध्ये आला. त्यात ६४० बाय ४८० पिक्सेलचे आठच फोटो मावत. कार्ड काढण्याची सोय नव्हती. फोटो बाहेर काढायला सीरियल केबल आणि त्याचे खास सॉफ्टवेअर लागे. शिवाय फोटोंचा फॉरमॅटही कंपनीचा स्वतःचा होता.

सोनीची फ्लॉपीवाली ‘मॅविका’ १९९७ मध्ये आली. ती फोटो थेट साध्या १.४४ एमबी फ्लॉपीवर जेपीईजी स्वरूपात साठवत असे. तेव्हा अनेकांना ते ओबडधोबड वाटले. पण फ्लॉपी शाबूत असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून ते फोटो आजही उघडतात. मॅविकाने सर्वांना ठाऊक असलेली पद्धत वापरली, म्हणून तिचे फोटो तगले. क्विकटेकचे फोटो वाचता येतात, ते डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या ‘डीसीरॉ’ या प्रोग्राममुळे.

खुल्या पद्धतीचा पुरावा तुमच्या हातातल्या फोनमध्येही आहे. फाइल मॅनेजर उघडा, ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसेल. हे नाव १९९८ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ठरलेल्या सामायिक नियमांतून आले. सर्वांनी एकच नियम पाळला, म्हणून तो आजही चालतो.

घरी काय करता येईल?

केबलचा नाद आधी सोडा. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. मग कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. एसडी कार्ड असेल तर ओटीजी रीडर लावून बहुतेक फोनवरही फोटो घेता येतात. एक्सडी किंवा स्मार्टमीडियासाठी जुना ‘ऑल-इन-वन’ रीडर शोधावा लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चौकशी करून पाहावी.

संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणा. आधी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या. नंतर फॉरमॅट करायचेच असेल तर ते कॅमेऱ्यातच करा.

कार्ड काढताच येत नसेल, तर मेनूमध्ये यूएसबीचा पर्याय पाहा. ‘मास स्टोरेज’ निवडल्यास कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा दिसतो. ‘पीटीपी’ ही पद्धतही आजच्या संगणकांना समजते. दोन्ही नसतील तर लिनक्सवरील ‘जीफोटो’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. ते अडीच हजारांहून अधिक कॅमेरे ओळखते.

कॅमेरा पुन्हा वापरायचा असेल तर आणखी दोन गोष्टी. एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्याआधीच्या कॅमेऱ्यात दोन जीबीपर्यंतचेच साधे एसडी कार्ड घाला. आणि तारीख लावून घ्या. आतील छोटी बॅटरी संपल्याने घड्याळ मागे जाते आणि आज काढलेला फोटो फोनच्या गॅलरीत भलत्याच वर्षात जाऊन बसतो.

मग जबाबदारी कोणाची?

कार्ड रीडर शोधणे हे ग्राहकाचे काम मानू. पण चालू स्थितीतले यंत्र केवळ ड्रायव्हरअभावी टाकून द्यावे लागणे, हा ग्राहकाचा दोष नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनबरोबर डिजिटल कॅमेऱ्यांनाही चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचे केले. त्यामुळे चार्जरचा प्रश्न सुटेल. सॉफ्टवेअरचा तसाच राहील. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. तिथे सुटे भाग आणि दुरुस्तीच्या माहितीपत्रकांची चर्चा होते. ड्रायव्हर हाही सुटा भागच मानला पाहिजे. एखाद्या उपकरणाला पाठबळ देणे थांबवताना कंपनीने त्याचा ड्रायव्हर आणि संगणकाशी जोडण्याचे नियम खुले करावेत. तिचे त्यात फारसे नुकसान नाही. पुढचे काम स्वयंसेवी प्रोग्रामर करतात, हे ‘जीफोटो’ने दाखवून दिले आहे.

हा छंदी लोकांपुरता विषय नाही. रोलच्या काळातले फोटो अल्बममध्ये आहेत, आजचे क्लाउडवर. मधल्या आठ-दहा वर्षांचे अनेक घरांतले फोटो मात्र अशाच कार्डांत अडकले आहेत, आणि कार्डे कायम टिकत नाहीत. कॅमेऱ्याचे काय करायचे ते सावकाश ठरवा. कार्ड मात्र याच आठवड्यात उघडून पाहा.