उरलेले ४९ टक्के
गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो आहे. वर्गणीवरून रुसलेल्या बिऱ्हाडाची समजूत काढायची, वॉर्ड ऑफिसचे खेटे घालायचे, शेजारच्या मंडळाशी मिरवणुकीची वेळ जुळवायची, ही मुत्सद्देगिरी गिरगाव ते लालबाग कुणाला शिकवावी लागत नाही. मग पुनर्विकासाची सभा लागली की हीच माणसं हमरीतुमरीवर का येतात? कारण वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागतो आणि विकासकाचा करारनामा कपाटात राहतो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीचे ५०० झाले, हे सगळ्यांना पाठ. पण ‘आपल्या टॉवरच्या लिफ्टचा, पंपाचा खर्च माझ्या पेन्शनीत कसा बसणार?’ असं तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, की ‘खोडा घालू नका’ म्हणून त्यांना खाली बसवतात. सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते, पण नव्या इमारतीत राहायचं असतं उरलेल्या ४९ टक्क्यांच्या शेजारीच. तेव्हा करारनामा मराठीत वाचून दाखवणं, इतिवृत्त चोख लिहिणं, विरोधकाला आधी बोलू देणं, याची शिबिरं मंडळांनीच भरवावीत. मांडव आहे, माणसं आहेत, दहा संध्याकाळीही आहेत.