धार बाईची, खातं कुणाचं?

शेणघाण, वैरणकाडी, धारा, वासरू पाजणं... दुभत्या घरातली बरीचशी कामं बाईच्याच अंगावर. डेअरीच्या वहीत नाव मात्र घरधन्याचं!

आजवर ते खपून गेलं. पण २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा अट घातली. गाईच्या कानात बिल्ला हवा आणि पैसे थेट बँक खात्यात. म्हणजे वहीत ज्याचं नाव, पैसा त्याच्या हाती. रोज १० लिटर दूध घालणाऱ्या घरात हे महिन्याला दीड हजार होतात. पेंड आणायची की मुलीची फी भरायची, हे मग खातेदार ठरवतो.

"घर एकच, नाव कुणाचं का असेना," असं म्हटलं जातं. मग ते बाईचं का नसावं? दूधसंस्थेत मत देता येतं ते सभासदालाच. जमिनीचंही तसंच. १९९२ च्या 'लक्ष्मी मुक्ती' योजनेत नवऱ्याने अर्ज केला, की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. पण अर्ज करणारे किती?

मैत्रिणींनो, पुढची गाय घ्याल तेव्हा पावती, बिल्ला आणि खातं तुमच्या नावावर करा. एवढं तरी घरात बोलून बघा!