पुरळ आणि अशक्तपणा एकत्र आल्यास

केस विंचरताना हात भरून येतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, पाटावरून उठायला आधार लागतो. पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर पुरळ दिसते. घरची मंडळी दगदग किंवा अ‍ॅलर्जी म्हणून सोडून देतात. परंतु ही लक्षणे एकत्र दिसली, तर तो ‘डर्मॅटोमायोसायटिस’ असू शकतो.

या दुर्मीळ आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर व त्वचेवर उलटते. तो संसर्गजन्य नाही. मुले व प्रौढ दोघांनाही होतो. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक आहे. ‘दंगल’ चित्रपटातील बालकलाकार सुहानी भटनागर हिचे २०२४ मध्ये, अवघ्या १९व्या वर्षी, याच आजाराने निधन झाले.

निदानासाठी रक्तातील ‘सीपीके’, ईएमजी, एमआरआय आणि गरजेप्रमाणे स्नायूच्या तुकड्याची तपासणी करतात. प्रौढ रुग्णांत कधी कधी कर्करोगही दडलेला असतो, म्हणून तीही तपासणी आवश्यक ठरते.

उपचारात स्टेरॉइड मुख्य असून सोबत मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. उपयोग न झाल्यास शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. उन्हापासून त्वचा जपावी व डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका व्यायाम करावा.

बरे वाटू लागताच स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायची असते. घास गिळताना अडकू लागला किंवा धाप लागली, तर मात्र रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.