लॅपटॉप एक, पडदे दोन: पैसे मोजण्याआधी

1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत कॅमेऱ्यावर कमावणारी तरुण मुले वाढली आहेत. सफारीच्या दिवसांत वाघ, लगीनसराईत निकाह आणि वलीमा. पण फोटो काढून काम संपत नाही. शेकडो फोटोंतून निवड आणि रंगांची दुरुस्ती रात्री घरी होते, आणि हे काम आपल्या मुलीही छान करतात. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर डोळे दुखू लागले की मागणी येते, "अब्बा, दोन मॉनिटर घेऊन द्या."

पालकांनी जरूर द्यावेत. मात्र आधी लॅपटॉप दोन मॉनिटर चालवतो का, ते पाहावे.

एचडीएमआय पोर्टवर एक मॉनिटर सरळ लागतो. प्रश्न दुसऱ्याचा असतो. स्वस्त स्प्लिटर घेतला तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. आपल्याला वेगवेगळे हवे असते. यूएसबी-सी पोर्ट असले तरी प्रत्येकातून चित्र जातेच असे नाही. काही केवळ चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' हा शब्द शोधावा. मॅकबुक एअर असेल तर एम1 आणि एम2 चिपवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम3 वर दोन चालतात, पण झाकण बंद ठेवून. एम4 वर झाकण उघडे ठेवूनही.

पोर्ट कमी असल्यास डिस्प्लेलिंकचा डॉक मिळतो. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि प्रोसेसरवर भार येतो. त्या पडद्यावर फोल्डर आणि फोटोंची रांग ठेवावी. रंगाचे काम थेट पोर्टला जोडलेल्या मॉनिटरवरच करावे.

खरे नुकसान रंगातच होते. दुल्हनचा लाल जोडा एका पडद्यावर लाल, दुसऱ्यावर केशरी दिसतो. चुकीच्या पडद्यावर विश्वास ठेवला की छापलेला अल्बम परत येतो आणि मेहनतीचे पैसे अडकतात. म्हणून दोन स्वस्त मॉनिटरांपेक्षा संपूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा एकच चांगला आयपीएस मॉनिटर घ्यावा. यादीसाठी घरातला जुना चालतो. चांगला मॉनिटर कॅलिब्रेटर लावून जुळवून घ्यावा आणि चकाकी कमी ठेवावी. पडदा फार उजळ असला तर छापील फोटो काळपट वाटतात.

जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वीज जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मॉनिटर विझतो, तेवढे चालेल. पण विजेवर चालणारी हार्डडिस्क कॉपी करतानाच बंद पडली तर फाइली बिघडू शकतात. डिस्क आणि डॉकसाठी छोटा यूपीएस घ्यावाच.

खरेदीला जाताना लॅपटॉप सोबत न्या. दोन्ही मॉनिटर दुकानातच जोडायला लावा, विंडोज बटणासोबत 'पी' दाबून 'एक्सटेंड' निवडा. दोन्हीवर वेगळी चित्रे दिसली, की मगच पैसे द्या.