मालिकेतला दवाखाना खरा किती?

‘ई.आर.’ ही अमेरिकन मालिका १९९४ साली सुरू झाली आणि २००९ पर्यंत चालली. शिकागोच्या एका सरकारी रुग्णालयातील तातडीच्या विभागाची ही कथा. ती निर्माण करणारे मायकेल क्रायटन स्वतः वैद्यकीय पदवीधर. रक्त, धावपळ आणि डॉक्टरी भाषेचा मारा काही प्रेक्षकांना नकोसा झाला. इतरांना मात्र त्यातच खरेपणा दिसला.

हा खरेपणा १९९६ साली तीन संशोधकांनी तपासला. या मालिकेसह तीन कार्यक्रमांचे ९७ भाग त्यांनी पाहिले. हृदय बंद पडून छाती दाबण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण पडद्यावर बचावले होते! प्रत्यक्षात रुग्णालयात हृदय बंद पडलेल्यांपैकी बरे होऊन घरी जाणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा फार तर १५ टक्के होते.

मग प्रेक्षकांना फक्त चमत्कारच हवे असतात का? तसेही नाही. १९९५ सालच्या ‘लव्हज लेबर लॉस्ट’ या भागात डॉ. ग्रीनचे निदान चुकते आणि बाळंतीण दगावते. तरीही मालिकेतला सर्वोत्तम भाग म्हणून अनेक चाहते त्याचेच नाव घेतात.

छाती दाबण्याचा उपाय खोटा नाही. वेळेवर केल्यास जीव वाचतो. पण दर वेळी नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसायची वेळ कोणावरही येऊ शकते. तेव्हा ‘टीव्हीत तर वाचतात, मग आमचाच माणूस कसा गेला?’ असे डॉक्टरांना विचारण्यापूर्वी हे आकडे आठवलेले बरे.