सवलत छोट्यांच्या नावाने

पगाराची बोलणी उद्योगपातळीवरून उतरवून कंपनीपातळीवर आणा, म्हणजे छोट्या उद्योजकाला झेपेल तेवढाच पगार द्यावा लागेल आणि रोजगार वाढेल, असा सल्ला युरोपात वर्षानुवर्षं दिला जातोय. स्पेनने तो मानला. फेब्रुवारी 2012 मध्ये, चारातला जवळपास एक जण बेकार असताना, मारिआनो राखोय सरकारने वटहुकूम काढला. कंपनीचा करार आता पगारातही उद्योगाच्या करारापेक्षा वरचढ ठरणार होता.

पाच माणसांचा सुतारकामाचा कारखाना यात कुठे बसतो? स्पेनच्या कायद्यानुसार सहापेक्षा कमी कामगार असतील तर प्रतिनिधी निवडताच येत नाही. मग करार करायचा कोणाशी? धंदा बसला तर उद्योगाच्या दरातून तात्पुरती सुटका मिळवण्याची वेगळी तरतूद त्याच कायद्यात होती, आणि ती योग्यच होती. सलग दोन तिमाहींत विक्री घटल्याचं दाखवायचं, कामगारांशी बोलायचं. छोट्या मालकाच्या खऱ्या उपयोगाची होती ती हीच.

कंपनी-कराराचा फायदा उठवला तो हॉटेलांना, कचेऱ्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारांनी. एखाद्या केंद्रातल्या मोजक्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या आणि तोच करार देशभर लावायचा. न्यायालयाने असे कितीतरी करार रद्द केले. पण हॉटेलांनी खोल्यांची सफाई ठेक्याने देण्याचा सपाटा लावला होता. पलंग ओढायचा, गादी उचलून चादर खोचायची, न्हाणीघर घासायचं, की पुढची खोली. हे काम करणाऱ्या बायकांनी ‘लास केलिस’ नावाने संघटना उभारली, तेव्हा खोलीमागे दोन-तीन युरो मिळत असल्याच्या कहाण्या बाहेर आल्या.

नुकसान एकट्या त्यांचंच झालं नाही. उद्योगाचा ठरलेला दर प्रामाणिकपणे देणारा छोटा सफाई-व्यावसायिक अशा ठेकेदारापुढे निविदेत टिकणार कसा? सर्वांना सारखा दर असेल तर त्याला कामाच्या दर्जावर स्पर्धा करता येते. दरच फोडला की जिंकतो तो पगार कापण्यात तरबेज असलेला. छोट्या उद्योगांची कळकळ असणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं होतं.

डिसेंबर 2021 मध्ये कामगारमंत्री योलांदा दियास यांनी पगाराचा अग्रक्रम पुन्हा उद्योगाच्या कराराला दिला. पाळ्या आणि कामाच्या वेळांची आखणी कंपनीकडेच ठेवली. संसदेत हा बदल 175 विरुद्ध 174 मतांनी तरला. त्यानंतर 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी स्पेनची अर्थव्यवस्था युरो क्षेत्राच्या सरासरीपेक्षा वेगाने वाढली. त्याचं श्रेय या एका कलमाला देता येणार नाही, पण दर एक केल्याने वाढ खुंटते, असंही आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

काम अर्धंच झालंय. ठेकेदाराने प्रत्यक्ष कामाच्या उद्योगाचा दर द्यावा, असं नवा कायदा म्हणतो. मग हॉटेलच्या खोलीतलं काम हॉटेल उद्योगाचं, की सफाई उद्योगाचं? वाद तिथेच अडलाय. तो दर हॉटेलचाच असला पाहिजे, आणि कायद्याने तो तसा स्पष्ट लिहिला पाहिजे.